ऑनलाइन ग्रुपमध्ये आपल्या व्यवसायाची प्रसिद्धी: नियम आणि योग्य पद्धत

प्रस्तावना

घरगुती फराळ, मसाले, शिवणकाम, शिकवणी, रोपे, आंबे, हातमागाच्या साड्या अशा लहान व्यवसायांची पहिली बाजारपेठ आज बहुतेक वेळा मोबाइलमध्येच असते. सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, गावाचा फेसबुक ग्रुप, माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप किंवा परराज्यातील महाराष्ट्र मंडळाचा ग्रुप येथे ग्राहक ओळखीचे असतात. दुकानाचे भाडे लागत नाही आणि जाहिरातीवर खर्चही होत नाही.

मात्र हे ग्रुप खरेदी-विक्रीसाठी सुरू झालेले नसतात. पाणी कधी येणार, शाळेची सभा केव्हा आहे, कोणाला रक्त हवे आहे अशा कामांसाठी लोक तेथे एकत्र आलेले असतात. त्यामुळे तेथे जाहिरात कशी, किती आणि कोणाच्या परवानगीने करावी हे माहीत असणे आवश्यक आहे.

एक उदाहरण घेऊ. बेंगळुरूमधील एका सोसायटीत राहणारी मराठी गृहिणी दिवाळीसाठी चकली, चिवडा, करंज्या आणि अनारसे करून विकते. दिवाळीच्या तीन आठवडे आधी ती एकच संदेश चौदा ग्रुपमध्ये दिवसातून दोनदा टाकते. सोसायटीच्या यादीतून शंभर नंबर घेऊन, कोणालाही न विचारता, ‘दिवाळी फराळ’ नावाचा नवा ग्रुप तयार करते. काही जण चिडून ग्रुप सोडतात, काही जण तिच्या नंबरची तक्रार नोंदवतात. ऐन वसुबारसेच्या सुमारास तिचे व्हॉट्सअ‍ॅप खाते बंद होते. ज्यांनी आधीच मागणी नोंदवली त्यांचे पत्ते, आगाऊ रकमेचे हिशेब आणि डब्यांची संख्या हे सर्व त्याच खात्यातील गप्पांमध्ये असते.

तिच्या फराळात काहीही दोष नव्हता. चूक प्रसिद्धीच्या पद्धतीत होती आणि ती टाळता आली असती. ती कशी टाळावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

ही माहिती कोणासाठी उपयुक्त आहे

• घरातून खाद्यपदार्थ, कपडे किंवा हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या व्यक्ती
• महिला बचत गट व त्यांचे प्रभागसंघ
• थेट ग्राहकांना माल विकणारे शेतकरी आणि शेतकरी उत्पादक कंपन्या
• शिकवणी, दुरुस्ती, सौंदर्यसेवा, शिवणकाम अशा सेवा देणारे व्यावसायिक
• ग्रुप चालवणारे अ‍ॅडमिन

नियमांचे तीन स्तर

ऑनलाइन ग्रुपमधील प्रसिद्धीला एकाच वेळी तीन प्रकारचे नियम लागू होतात.

1. ग्रुपचे नियम: हे अ‍ॅडमिन ठरवतात. ते मोडल्यास पोस्ट काढली जाते किंवा सदस्यत्व जाते.
2. प्लॅटफॉर्मचे नियम: हे व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम, टेलिग्राम यांसारख्या कंपन्या ठरवतात. ते मोडल्यास खाते काही काळ किंवा कायमचे बंद होऊ शकते.
3. देशाचे कायदे: ग्राहक संरक्षण, अन्न सुरक्षा, वजन-मापे, भौगोलिक मानांकन इत्यादींचे कायदे. ते मोडल्यास दंड किंवा इतर कारवाई होऊ शकते.

हे तीनही स्तर स्वतंत्र आहेत. अ‍ॅडमिनने परवानगी दिली म्हणून कायद्यातून सूट मिळत नाही. तसेच आपल्याकडे सर्व परवाने आहेत म्हणून कोणत्याही ग्रुपमध्ये जाहिरात करण्याचा हक्क मिळत नाही.

पहिला स्तर: ग्रुपचे नियम

पोस्ट करण्यापूर्वी काय पाहावे

• व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे नियम बहुतेक वेळा ग्रुपच्या वर्णनात लिहिलेले असतात. फेसबुक ग्रुपमध्ये ते माहितीच्या भागात दिसतात. ‘जाहिरात नको’ हा नियम अनेक ग्रुपमध्ये असतो.
• काही ग्रुपमध्ये जाहिरातीसाठी आठवड्याचा एक वार ठरलेला असतो किंवा खरेदी-विक्रीसाठी वेगळा उपग्रुप असतो. तेथेच पोस्ट करावी.
• नियम लिहिलेले नसतील, तर इतर सदस्यांच्या जाहिरातींना अ‍ॅडमिनने काय उत्तर दिले ते मागे जाऊन वाचावे.
• तरीही खात्री नसल्यास अ‍ॅडमिनला खासगीत विचारावे. सर्वांसमोर विचारल्यास तीच जाहिरात ठरते.

अ‍ॅडमिनला पाठवण्याच्या संदेशाचा नमुना

‘नमस्कार. मी बी विंगमध्ये राहते. दिवाळीसाठी घरी फराळ करून देते. आपल्या ग्रुपमध्ये याची एक पोस्ट टाकली तर चालेल का? चालत असल्यास कोणत्या दिवशी टाकू? मजकूर आधी तुम्हाला पाठवते. चालणार नसेल तरी हरकत नाही.’

अ‍ॅडमिनने नकार दिल्यास तो मान्य करावा. दुसऱ्या नंबरवरून किंवा नातेवाइकाकरवी तीच पोस्ट टाकू नये.

ग्रुपमध्ये आधी सदस्य म्हणून वावरावे

ग्रुपमध्ये आल्याच्या दिवशीच दरपत्रक टाकणाऱ्याला लोक विक्रेता म्हणूनच ओळखतात. काही आठवडे इतरांच्या प्रश्नांना उत्तरे देणारा सदस्य पुढे आपल्या कामाबद्दल बोलला, तर लोक ऐकून घेतात. शिवणकाम करणाऱ्या ताईंनी जुन्या काठापदराच्या साडीची जपणूक कशी करावी हे सांगितले किंवा रोपवाटिका चालवणाऱ्याने कढीपत्त्यावरील किडीचा उपाय सांगितला, तर त्यांच्या कामाची ओळख आपोआप होते. अशा उत्तराच्या शेवटी प्रत्येक वेळी नंबर आणि दर जोडू नये. कोणी विचारल्यास सांगावे.

किती वेळा पोस्ट करावी

ग्रुपने मर्यादा ठरवली नसेल, तर एका हंगामात दोन पोस्ट पुरेशा असतात: एक मागणी सुरू करताना आणि दुसरी शेवटची तारीख जवळ आल्यावर. दुःखद बातमी, अपघात किंवा तातडीच्या मदतीची चर्चा सुरू असताना जाहिरात टाकू नये.

दुसरा स्तर: प्लॅटफॉर्मचे नियम

व्हॉट्सअ‍ॅप आपल्या नियमभंग करणाऱ्या खात्यांवर कारवाई करते आणि भारतातील बंद केलेल्या खात्यांची संख्या मासिक अहवालात प्रसिद्ध करते. ही संख्या दरमहा लाखांच्या घरात असते. पुढील गोष्टींमुळे खाते धोक्यात येते:

• अनोळखी लोकांना एकाच वेळी मोठ्या संख्येने संदेश पाठवणे
• आपोआप संदेश पाठवणारे अनधिकृत सॉफ्टवेअर किंवा व्हॉट्सअ‍ॅपची बनावट आवृत्ती वापरणे
• संमतीशिवाय लोकांना ग्रुपमध्ये घेणे
• विकत घेतलेल्या किंवा दुसऱ्या ग्रुपमधून उतरवलेल्या नंबरांच्या यादीवर संदेश पाठवणे
• अनेकांनी ब्लॉक करणे किंवा तक्रार नोंदवणे

फेसबुक ग्रुपमध्ये तोच मजकूर आणि तीच लिंक थोड्या वेळात अनेक ठिकाणी टाकल्यास ती स्पॅम समजली जाऊ शकते. गुगलवरील व्यवसाय प्रोफाइलसाठी स्वतःच स्वतःला अभिप्राय लिहिणे किंवा सवलतीच्या बदल्यात चांगला अभिप्राय मागणे त्या कंपनीच्या नियमांविरुद्ध आहे.

योग्य साधने कोणती

• व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप मोफत उपलब्ध आहे. त्यात वस्तूंची यादी, कामाची वेळ, पत्ता आणि ठरावीक प्रश्नांची तयार उत्तरे ठेवता येतात. व्यवसायासाठी शक्यतो वेगळा नंबर घ्यावा.
• ब्रॉडकास्ट लिस्टमधील संदेश प्रत्येकाला स्वतंत्रपणे मिळतो. ज्यांनी आपला नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यांनाच तो पोहोचतो.
• व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलमध्ये लोक स्वेच्छेने येतात आणि त्यांचे नंबर इतर सदस्यांना दिसत नाहीत. ग्रुपमध्ये मात्र प्रत्येकाचा नंबर सर्वांना दिसतो. ग्राहकांची यादी मोठी असल्यास चॅनेल अधिक सुरक्षित आहे.
• मागण्या, पत्ते आणि जमा रक्कम यांची नोंद वहीत किंवा वेगळ्या तक्त्यात ठेवावी. मोबाइल हरवला किंवा खाते बंद झाले तरी काम थांबणार नाही.

तिसरा स्तर: देशाचे कायदे

‘हा तर आपला घरचा ग्रुप आहे, येथे कसला कायदा?’ असा गैरसमज आढळतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 9 जून 2022 रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. ती जाहिरातीचे स्वरूप किंवा माध्यम कोणतेही असले तरी लागू होतात.

1. खोटा किंवा दिशाभूल करणारा दावा

ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला किंवा तिचे समर्थन करणाऱ्या व्यक्तीला प्राधिकरण 10 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पुन्हा तसेच केल्यास दंड 50 लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. लहान विक्रेत्याने यातून एक साधा नियम घ्यावा: जे दाखवून सिद्ध करता येईल तेवढेच लिहावे. ‘शुद्ध तुपातील’ असे लिहिले तर सर्व पदार्थ तुपातलेच हवेत. साठा भरपूर असताना ‘फक्त दोनच डबे उरले’ असे लिहून घाई करणे, हा 2023 च्या डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित प्रकार आहे.

2. नाते आणि मोबदला उघड करणे

आपल्या वस्तूची स्तुती करणाऱ्याला पैसे, मोफत वस्तू किंवा सवलत मिळाली असेल, अथवा ती व्यक्ती नातेवाईक किंवा कर्मचारी असेल, तर ते स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असे शब्द सुरुवातीलाच, सहज दिसतील असे आणि पोस्टच्याच भाषेत लिहावेत. ते हॅशटॅगच्या गर्दीत लपवू नयेत. बहिणीने पोस्ट टाकताना ‘माझ्या बहिणीचा व्यवसाय आहे’ एवढे लिहिले तरी वाचणाऱ्याला खरी स्थिती कळते.

3. बनावट अभिप्राय

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 नुसार ऑनलाइन बाजारपेठेवर माल विकणाऱ्या विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000:2022 हे मानकही तयार केले आहे. ग्रुपमध्ये दुसऱ्या नावाने ‘यांचा चिवडा कोणी घेतला आहे का? फारच छान ऐकलंय’ असा प्रश्न टाकून स्वतःच उत्तर देणे याच प्रकारात मोडते. हे लक्षात आल्यास चांगल्या मालावरचाही विश्वास जातो.

4. खाद्यपदार्थ

• घरगुती स्वयंपाकघरातून विक्री करणाऱ्यालाही भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी आवश्यक आहे. उलाढाल मोठी असल्यास परवाना घ्यावा लागतो. अर्ज फॉसकॉस पोर्टलवर ऑनलाइन करता येतो. मिळालेला 14 अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा आणि पोस्टमध्येही लिहावा.
• ‘मधुमेह बरा होतो’, ‘लठ्ठपणा हमखास जातो’ असे दावे करू नयेत. औषधिद्रव्ये व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, 1954 नुसार ठरावीक आजारांवर उपचाराचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. मेथीच्या लाडवात काय घातले आहे ते सांगावे, त्याने कोणता आजार जातो ते सांगू नये.
• ‘सेंद्रिय’ या शब्दासाठी वेगळे नियम आहेत. एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया प्रमाणपत्र नसताना ‘जैविक भारत’ हे बोधचिन्ह वापरू नये.

5. वेष्टनावरील माहिती

वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 नुसार वेष्टित मालावर उत्पादकाचे किंवा पॅक करणाऱ्याचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क द्यावा लागतो. छापील कमाल किमतीपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ऑनलाइन पोस्टमध्येही वजन आणि किंमत स्पष्ट लिहावी. ‘दरासाठी इनबॉक्स करा’ असे लिहिल्याने ग्राहकाला तुलना करता येत नाही आणि विक्रेत्याला तेच उत्तर पन्नास वेळा द्यावे लागते.

6. भौगोलिक मानांकन

हापूस आंब्याला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांशी जोडलेले आहे. इतर भागातील आंबा ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून सोसायटीच्या ग्रुपमध्ये विकणे ही ग्राहकाची फसवणूक आहेच, शिवाय भौगोलिक मानांकनाच्या 1999 च्या कायद्यानुसार ते शिक्षापात्र आहे. पैठणी, कोल्हापुरी चप्पल, भिवापूर मिरची, वायगाव हळद यांनाही असे मानांकन आहे. आपला माल जेथला आहे तेथलेच नाव द्यावे.

7. राष्ट्रीय चिन्हे व थोर व्यक्तींची नावे

बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, 1950 नुसार पंतप्रधान, महात्मा गांधी, छत्रपती शिवाजी महाराज यांचे नाव किंवा चित्र केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारी कारणासाठी वापरता येत नाही. शासकीय योजनेचे किंवा विभागाचे बोधचिन्हही परवानगीशिवाय जाहिरातीवर लावू नये.

8. नंबर, एसएमएस आणि कॉल

• साध्या दहा अंकी नंबरवरून प्रसिद्धीचे एसएमएस किंवा कॉल मोठ्या प्रमाणावर करण्यास दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार मनाई आहे. ग्राहक 1909 वर तक्रार करू शकतात आणि विक्रेत्याची दूरध्वनी सेवा खंडित होऊ शकते.
• डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. संमती हा या कायद्याचा पाया आहे. ग्राहकाने डबा घरपोच मिळावा म्हणून दिलेला पत्ता व नंबर दुसऱ्या विक्रेत्याला देऊ नये.

नोंदणी: विश्वास वाढवणारी पहिली पायरी

उद्यम नोंदणी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी आहे. ती आधारच्या मदतीने, पूर्णपणे ऑनलाइन आणि विनामूल्य होते. नोंदणीसाठी शुल्क मागणारी खासगी संकेतस्थळे आढळतात. त्यामुळे पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असलेलेच अधिकृत पोर्टल वापरावे. ज्या अतिसूक्ष्म व्यवसायांना थेट नोंदणी करणे कठीण जाते, त्यांच्यासाठी जानेवारी 2023 पासून उद्यम असिस्ट प्लॅटफॉर्म उपलब्ध आहे.

या नोंदणीचा अर्थ नीट समजून घ्यावा. उद्यम प्रमाणपत्र हा व्यवसाय नोंदवल्याचा पुरावा आहे. सरकारने मालाचा दर्जा तपासला असा त्याचा अर्थ होत नाही. म्हणून ‘सरकारमान्य फराळ’ असे लिहिणे चुकीचे आहे. ‘उद्यम नोंदणीकृत’ किंवा ‘एफएसएसएआय नोंदणी क्रमांक अमुक’ असे लिहिणे योग्य आहे.

चांगली पोस्ट कशी लिहावी

एका पोस्टमध्ये पुढील माहिती असावी:

1. आपण कोण आणि ग्रुपशी आपले नाते काय
2. वस्तू, त्यातील मुख्य घटक आणि वजन
3. दर, घरपोच देण्याचा खर्च
4. मागणीची शेवटची तारीख आणि माल मिळण्याची तारीख
5. नोंदणी क्रमांक
6. संपर्क कसा करावा
7. अ‍ॅडमिनची परवानगी घेतल्याचा उल्लेख

पोस्टचा नमुना

‘अ‍ॅडमिनच्या परवानगीने. मी बी विंगमध्ये राहते आणि दिवाळीचा फराळ घरी करून विकते. भाजणीची चकली, पोह्यांचा चिवडा आणि ओल्या नारळाच्या करंज्या. चकली व चिवडा शेंगदाणा तेलातील आहे. चिवड्यात शेंगदाणे आहेत, अ‍ॅलर्जी असल्यास कृपया घेऊ नये. वजन व दर सोबतच्या फोटोत. फोटो मागच्या वर्षीच्या माझ्याच फराळाचे आहेत. मागणी 10 तारखेपर्यंत, डबे 15 तारखेपासून. एफएसएसएआय क्रमांक फोटोवर आहे. मागणीसाठी कृपया मला खासगीत लिहावे, म्हणजे ग्रुपमध्ये गर्दी होणार नाही.’

फोटो आपल्याच मालाचे असावेत. इंटरनेटवरून उचललेला फोटो वापरल्यास मूळ छायाचित्रकाराच्या हक्काचा भंग होतो आणि ग्राहकाचीही दिशाभूल होते. परराज्यातील ग्रुपमध्ये मराठीबरोबर हिंदी, इंग्रजी किंवा तेथील भाषेत दोन ओळी द्याव्यात. एखादी अट असल्यास ती सर्व भाषांमध्ये सारखीच लिहावी.

स्वतःच्या ग्राहकांची यादी तयार करणे

दुसऱ्यांच्या ग्रुपवर कायम अवलंबून राहू नये. ग्रुपमधील पोस्टमुळे पहिली ओळख होते. पुढचा संपर्क ग्राहकाच्या संमतीने ठेवावा.

• डबा देताना विचारावे: ‘पुढच्या वेळी नवीन पदार्थ केला तर कळवू का?’ होकार दिलेल्यांचीच नावे यादीत घ्यावीत.
• डब्यावर चॅनेलचा क्यूआर कोड लावावा. ज्याला यायचे तो स्वतः येईल.
• प्रत्येक संदेशाच्या शेवटी ‘संदेश नको असल्यास कळवावे’ असे लिहावे आणि कोणी कळवल्यास त्याच दिवशी नाव काढावे.
• महिन्यातून एक-दोन संदेशांपेक्षा जास्त पाठवू नयेत.

अशी चाळीस जणांची यादी न विचारता जमवलेल्या चारशे नंबरांपेक्षा अधिक उपयोगी ठरते, कारण तीतील प्रत्येकाला आपला संदेश हवा असतो.

तक्रार आल्यास काय करावे

ग्रुपमध्ये कोणी ‘चकली मऊ पडली’ असे लिहिले तर वाद घालू नये आणि अ‍ॅडमिनला ती पोस्ट काढायला सांगू नये. पुढील क्रम ठेवावा:

1. ग्रुपमध्येच थोडक्यात उत्तर द्यावे: ‘कळवल्याबद्दल धन्यवाद. मी आज तुम्हाला फोन करते.’
2. खासगीत बोलून माल बदलून द्यावा किंवा पैसे परत करावेत.
3. एकाच घाण्यातील माल इतरांनाही गेला असल्यास त्यांना स्वतःहून कळवावे.
4. चूक दुरुस्त झाल्यावर एका ओळीत ग्रुपला सांगावे.

पोस्ट काढली गेल्यास किंवा खाते बंद झाल्यास

ग्रुपमधून पोस्ट काढली गेल्यास अ‍ॅडमिनला कारण विचारावे आणि पुढच्या वेळी तशी दुरुस्ती करावी. ग्रुपबाबत अ‍ॅडमिनचा निर्णय अंतिम असतो.

प्लॅटफॉर्मने खाते बंद केल्यास:

1. अ‍ॅपमध्ये दिसणाऱ्या पर्यायातून फेरतपासणीची विनंती करावी.
2. त्याने प्रश्न न सुटल्यास कंपनीच्या भारतातील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. माहिती तंत्रज्ञान नियम, 2021 नुसार असा अधिकारी नेमणे आणि त्याचा संपर्क प्रसिद्ध करणे कंपनीला बंधनकारक आहे.
3. त्या निर्णयानेही समाधान न झाल्यास, निर्णय कळल्यापासून 30 दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते.

अपिलासोबत तक्रारीची प्रत, मिळालेले उत्तर आणि स्क्रीनशॉट जोडावेत. संमतीने संदेश पाठवल्याच्या नोंदी असल्यास त्या येथे उपयोगी पडतात.

ग्रुपच्या पुढची बाजारपेठ: उपयुक्त योजना

व्यवसाय वाढू लागल्यावर ओळखीचे ग्रुप अपुरे पडतात. त्या वेळी पुढील योजना व मंच पाहावेत. अर्जापूर्वी योजनेचा चालू कालावधी आणि अटी अधिकृत पोर्टलवर वाचाव्यात.

• ओएनडीसी: हे एक खुले जाळे आहे. एका विक्रेता अ‍ॅपवर नोंदणी केल्यास या जाळ्यातील अनेक खरेदीदार अ‍ॅपवर वस्तू दिसू शकते.
• टीम उपक्रम: सूक्ष्म व लघु उद्योगांना ओएनडीसीवर आणण्यासाठी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाचा उपक्रम. 5 लाख उद्योगांचे उद्दिष्ट असून त्यातील निम्मे उद्योग महिलांचे असावेत असे ठरवले आहे.
• जेम पोर्टल: सरकारी कार्यालयांना माल विकण्यासाठी. महिला उद्योजक आणि बचत गटांसाठी ‘वुमनिया’ हा उपक्रम आहे.
• ई-सरस: ग्रामीण बचत गटांच्या उत्पादनांसाठी ग्रामविकास मंत्रालयाचे पोर्टल. महाराष्ट्रातील गटांनी उमेद अभियानाच्या तालुका कक्षात चौकशी करावी.
• प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना: पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये इतके कर्जाशी निगडित अनुदान. गटांना ब्रँडिंग व विपणनासाठीही मदतीची तरतूद आहे.
• पीएम विश्वकर्मा: 18 पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांसाठी सप्टेंबर 2023 पासून सुरू असलेली योजना. त्यात विपणन साहाय्याचाही समावेश आहे.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: ग्रुपमधील सदस्यांना खासगीत दरपत्रक पाठवता येईल का?
उत्तर: त्यांनी विचारल्यासच. एकाच ग्रुपमध्ये असणे म्हणजे जाहिरातीला संमती देणे नव्हे.

प्रश्न: समाधानी ग्राहकाच्या संदेशाचा स्क्रीनशॉट टाकता येईल का?
उत्तर: होय, ग्राहकाची परवानगी घेऊन. नाव, फोटो आणि नंबर झाकावा. संदेशातील शब्द बदलू नयेत.

प्रश्न: दुसऱ्या राज्यात कुरिअरने माल पाठवायचा असल्यास जीएसटी नोंदणी लागते का?
उत्तर: करपात्र वस्तूंची आंतरराज्य विक्री करण्यासाठी उलाढाल कमी असली तरी सामान्यतः नोंदणी लागते. काही हस्तकला वस्तूंना सूट आहे. पार्सल पाठवण्यापूर्वी कर सल्लागाराला विचारावे.

प्रश्न: ग्रुपमधील अनोळखी ग्राहकाने पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितले तर?
उत्तर: करू नये. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. फसवणूक झाल्यास लगेच 1930 वर कळवावे.

प्रश्न: मी ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. जाहिरातींचा त्रास कसा कमी करावा?
उत्तर: नियम ग्रुपच्या वर्णनात लिहावेत, आठवड्यातील एक वार किंवा वेगळा उपग्रुप ठरवावा आणि तोच नियम ओळखीच्यांनाही लावावा.

पोस्ट टाकण्यापूर्वी तपासा

• अ‍ॅडमिनची परवानगी घेतली आहे का?
• विक्रेता मीच आहे किंवा विक्रेत्याशी माझे नाते आहे, हे स्पष्ट लिहिले आहे का?
• प्रत्येक दावा सिद्ध करता येईल का?
• वजन, दर, तारीख आणि नोंदणी क्रमांक दिला आहे का?
• फोटो माझ्याच मालाचे आहेत का?
• हाच मजकूर आज आणखी किती ठिकाणी टाकत आहे?

सुरुवातीच्या उदाहरणातील गृहिणीने चौदाऐवजी तीनच ग्रुप निवडले असते, अ‍ॅडमिनला विचारून एकेक पोस्ट टाकली असती आणि मागण्या वहीत लिहून ठेवल्या असत्या, तर मागणी कदाचित थोडी कमी आली असती. पण आलेला प्रत्येक डबा वेळेवर पोहोचला असता आणि पुढच्या दिवाळीत त्याच ग्रुपमधील लोकांनी तिला स्वतःहून विचारले असते.

महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक

• राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: 1915
• सायबर आर्थिक फसवणूक: 1930
• नको असलेले प्रसिद्धी कॉल व एसएमएस: 1909